फ्रिजमागचा ट्रे, आईंची धाप आणि मावशींवरचा राग

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. वन बीएचके, चौथा मजला. मी आणि बायको दोघंही नोकरी करतो, सकाळी साडेसातला घर सोडतो. केर-लादी आणि भांड्यांना मावशी येतात. जूनमध्ये आई गावाहून आमच्याकडे राहायला आली. तिला दमा आहे आणि आल्यापासून तिची धाप वाढली आहे, पहाटे तर फारच. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "फ्रिज जरा पुढे ओढ रे." ओढला, तर मागे बोटभर धूळ, मेलेली झुरळं, आणि खालच्या ट्रेमध्ये घाण पाणी. त्यात अळ्या वळवळत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज लादी पुसली जाते, मग हे कसं? बायको म्हणते मावशींना चांगलं सुनवायला हवं, नाहीतर बाई बदलू. आई काहीच बोलत नाही. घरात आणखी कुठे कुठे असं साचलं असेल? सुरुवात कुठून करू? हाताशी फक्त रविवार असतो.

उत्तर:

नमस्कार दादा,

आधी मावशींचं बोलू, कारण पत्रातली तेवढी एकच गोष्ट मला खटकली. मावशी तुमच्याकडे केर, लादी आणि भांडी एवढ्या कामाला येतात. फ्रिज ओढणं, पंखे पुसणं, माळा आवरणं हे त्या कामात ठरलेलं नव्हतं आणि त्याचे पैसेही ठरलेले नव्हते. चार-पाच घरं धरलेली बाई तुमच्या घरात जेमतेम तासभर असते. जे काम कुणी कुणाला सांगितलंच नाही, ते तिनं केलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नका. महिन्यातून एकदा तिच्याकडून जास्तीचं काम करून घ्यायचं असेल तर आधी विचारा, त्याचे वेगळे पैसे ठरवा आणि ओढाओढ करताना स्वतः हात लावा. सिमेंटचा माळा आणि भरलेला फ्रिज ही एकट्या बाईनं करायची कामं नव्हेत.

तुम्हालाही लाज वाटायचं कारण नाही. रोजचा केर उभ्यानं किंवा वाकून काढला जातो, म्हणून डोळ्यांना दिसतं तेवढंच स्वच्छ होतं. सांदीकोपरे, वस्तूंच्या पाठी, तळ आणि माथे वर्षानुवर्षं तसेच राहतात. माझ्या वडिलांना दमा होता, त्यामुळे हे सगळं मी घरात लहानपणापासून बघत आले. त्यातून एक सवय लागली. साचलेली घाण दिसली की मी स्वतःला विचारते, ही नुसती वाईट दिसते की घरातल्या कुणाला आजारी पाडेल? पाहुण्यांसमोर ओशाळायला लावणारी घाण दिवाळीपर्यंत थांबली तरी चालते. श्वासात, पाण्यात आणि अन्नात जाणारी मात्र थांबवायची नसते. तुमच्याकडे रविवार एकच आहे, म्हणून याच क्रमानं जाऊ.

पहिला तो ट्रे. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आतला बर्फ आपोआप वितळतो आणि ते पाणी नळीतून मागे, कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरच्या उबेनं ते वाळावं अशी योजना असते. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की ते वाळायला फार वेळ लागतो. कोमट, साचलेलं, अंधारातलं पाणी. डासांना आणखी काय हवं? डेंग्यूचा डास असल्याच घरगुती पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ओतलं की झालं असं मात्र नाही. ही मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. पाणी ओतून टाकलं तरी अंडी तशीच राहतात. कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की उबतात. म्हणून ट्रे ब्रशनं आतून खरवडून घासायला हवा. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याचा एक वार त्यासाठी ठरवून टाका. काही फ्रिजचा ट्रे सरकवून निघतो, काहींचा स्क्रूनं बसवलेला असतो. निघत नसेल तर जुन्या फडक्यानं पाणी टिपून घ्या आणि लांब दांड्याच्या ब्रशनं कडा घासा. हाच डास कुंडीखालच्या ताटलीत, मनी प्लांटच्या बाटलीत आणि गॅलरीत उपड्या न ठेवलेल्या बादलीतही वाढतो, त्याच दिवशी तिकडेही नजर टाका.

फ्रिज ओढलेलाच आहे तर आतली मागची भिंतही बघा. बऱ्याच फ्रिजमध्ये तिथे खाली एक बारीक भोक दिसतं, पाणी ट्रेकडे जायचं. कोथिंबिरीच्या काडीनं ते बुजतं आणि मग भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचून कुबट वास येतो. कोमट पाण्याची बारीक धार सोडून मऊ काडीनं ते मोकळं करा. दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते, ती साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं निघते.

आता आईंच्या धापेकडे येते. इथे मी जास्त रेंगाळणार आहे.

दम्याच्या माणसाला डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्याइतकाच न दिसणाऱ्या धुळीचा त्रास होतो. गादी आणि उशीत आपल्या अंगाच्या गळलेल्या त्वचेवर जगणारे धुळीतले सूक्ष्म किडे असतात. दमट हवेत ते भरभर वाढतात. श्वासात जाते ती त्यांची विष्ठा. झुरळांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचा भुगाही तसाच त्रास देतो, म्हणून फ्रिजमागे मेलेली झुरळं सापडणं मी साधी गोष्ट धरत नाही. आई कुठे झोपतात? भिंतीला लावलेल्या दिवाणावर झोपत असतील तर दिवाण ओढा, आतलं सामान काढा, भिंतीला ओल आली आहे का बघा. उशीचे अभ्रे आणि चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. साधारण ६० अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात. पावसाळ्यात गादी वाळवायला ऊन मिळत नाही, म्हणून आत्ता गादीला आणि उशीला चेन असलेलं घट्ट विणीचं आवरण घाला. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गादी गच्चीवर नेऊन दोन्ही बाजूंनी कडक तापवा आणि काठीनं झोडा. आमच्याकडे ते वडील घरात नसताना व्हायचं. आई त्यांना कुठल्या तरी कामाला बाहेर पाठवायची आणि गादी झोडून, आंघोळ करून मगच दार उघडायची. तुम्हीही तेच करा. ज्या रविवारी पंखे, माळा, पडदे काढाल, त्या सकाळी आईंना शेजारी किंवा खाली बागेत बसवा आणि धूळ खाली बसेपर्यंत वर आणू नका.

पंखा कोरड्या फडक्यानं झटकू नका, सगळी धूळ गादीवर येते. जुना उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवा, दाबून आपल्याकडे ओढा. धूळ अभ्र्यातच राहते. कपाटांचे माथे, ट्यूबलाइटची पट्टी, फोटोंच्या चौकटींच्या वरच्या कडा आणि पाठी, सगळं ओल्या फडक्यानं पुसा. एसी असेल तर त्याची जाळी वापराच्या दिवसांत पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची. सफाईच्या नावाखाली घरभर उग्र फिनेल मारू नका. आईंच्या खोलीत डासांची कॉइल आणि उदबत्तीही नको. धूर कुठलाही असो, तो छातीतच जातो. मच्छरदाणी लावा.

आणि कबुतरं. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, पण डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावर, संडास-बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडत असतील तर एकदा डोकावून बघाच. एसीच्या बाहेरच्या यंत्रावर किंवा खिडकीच्या छज्जावर विष्ठेचा थर असेल तर तो कोरडा खरवडायचा नाही. त्याची भुकटी वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास ताबडतोब होतो. साबणाचं पाणी शिंपडून थर चांगला भिजू द्या. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. ओला थर पत्र्यानं काढून पिशवीत बांधा. मग जाळी लावून घ्या, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. खिडकीबाहेर वाकून करायचं काम असेल तर स्वतः करू नका, जाळी लावणाऱ्यांकडे पट्टा आणि दोर असतो.

एवढं करूनही पहाटेची धाप कमी झाली नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. पंप नियमित घेतला जातो का तेही बघा. बरं वाटलं की पंप बंद करणं हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत फार आहे. लादी कितीही चकचकीत असली तरी ती औषधाच्या जागी उभी राहत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे मी सुरुवात करीन ती पुसायच्या फडक्यापासून. घरात सगळ्यात कमी स्वच्छ होते ती स्वच्छ करायचीच वस्तू. ओट्यावरचं फडकं दिवसभर ओलं पडलेलं असतं, त्यानंच ताट पुसलं जातं. भांडी घासायची घासणी तर साबणात असते म्हणून ती स्वच्छच, असं आपण धरून चालतो. फडकी दोन-तीन दिवसांनी पाच-दहा मिनिटं उकळा आणि उन्हात वाळवा. घासणी वापरून झाली की पिळून उभी ठेवा, वास यायला लागायच्या आधी बदला. लादीचं फडकं आणि बादलीही दर वेळी साबणानं धुवून वाळत घाला, नाहीतर काल उचललेला मळ आज ओला करून घरभर फिरतो. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. वर्षभरात तिचं एकदा तरी झटकणं-धुणं का होऊ नये?

फोडणीचा थर हा आपल्या स्वयंपाकघराचा खास प्रश्न. तेलाची वाफ वर जाते आणि एक्झॉस्टच्या पात्यांवर, ट्रॉलीच्या हँडलच्या मागच्या बाजूवर, मसाल्याच्या डब्यांच्या झाकणांवर आणि विजेच्या बोर्डावर बसते. त्यावर धूळ चिकटते आणि तो थर झुरळांचं जेवण होतो. तुमच्या फ्रिजमागच्या झुरळांचं मूळ इथेही असू शकतं. गरम पाण्यात भांडी घासायचा साबण आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून त्यात फडकं बुडवा, पिळा, थरावर दहा मिनिटं ठेवा आणि मग पुसा. हातात मोजे घाला. हा सोडा ॲल्युमिनियमला लावायचा नाही, ते काळं पडतं. पंख्याचं पातं कसलं आहे ते आधी बघा. वायरिंगच्या वस्तूंना मेन स्विच बंद केल्याशिवाय ओलं फडकं लावायचं नाही. वरच्या कपाटांच्या माथ्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून ठेवा, दर दिवाळीला गुंडाळून टाकली की काम संपलं. ही युक्ती माझ्या आत्याची, आणि मला ती अजून कुठल्याही महागड्या फवाऱ्यापेक्षा सरस वाटते.

तुमच्या घरचा ओटा कडाप्प्याचा आहे का? किंवा गॅलरीत शहाबादी आहे का? असेल तर त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड अजिबात नको. हे दोन्ही दगड चुनखडीचे, आम्ल लागलं की त्यांची चकाकी जाते आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन उलट जास्त मळ धरतो. संगमरवराचंही तसंच. साबणाचं कोमट पाणी पुरतं.

प्रेशर कुकरची शिट्टी काढून ती बसते ती नळी उजेडाकडे धरा आणि आरपार दिसतंय का बघा. डाळीचा फेस त्यात वाळून बसतो. ती तुंबली तर वाफेला वाट राहत नाही. हे दर वेळी कुकर लावताना बघायचं काम आहे, त्याला रविवारची वाट बघायची नाही. मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातली रबराची रिंग ओढून काढली आहे का कधी? आणि भांडं उपडं करून पात्याखालचा भाग बघितलाय? चटणी, लसूण, मागच्या महिन्याचं इडलीचं पीठ, सगळं तिथे सापडेल. पाण्याच्या बाटलीच्या झाकणातली रिंग आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा नळ, हेही तसेच. गॅसच्या बर्नरची भोकं टाचणीनं मोकळी करा, ज्योत पिवळी येत असेल तर नक्कीच. शेगडी उचललीच आहे तर मागच्या नळीवर छापलेली तारीख वाचा. तारेच्या जाळीची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

बाथरूममध्ये जाळीवरचे केस सगळे काढतात. जाळीखालचा नाहणी ट्रॅप विसरला जातो. त्यात कायम थोडं पाणी राहावं लागतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. गॅलरीतलं किंवा क्वचित वापरातलं भोक असेल तर तिथलं पाणी वाळून जातं आणि घरभर वास सुटतो. लोक मग सुगंधी गोळ्या टाकतात. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की पुरतं. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची भोकं पांढऱ्या क्षारानं भरलेली असणार. ती काढून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, इथे व्हिनेगर चालतं. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर दाराच्या राखाडी रबराची घडी बोटानं उलटून बघा आणि धुणं झाल्यावर दार जरा उघडं ठेवत जा.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. रविवारच्या उत्साहात संडासचा लिक्विड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिडही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. धडधाकट माणसाचा श्वास कोंडतो, आणि बंद वन बीएचकेत दम्याच्या आई आहेत. एका वेळी एकच वस्तू वापरा, भरपूर पाण्यानं धुवा, खिडकी उघडी ठेवा.

स्लायडिंग खिडक्यांचे रूळ पावसाआधी बघायचे. खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पाणी बाहेर जाण्यासाठी. ती मातीनं बुजली की पावसाचं पाणी आत भिंतीवर उतरतं आणि तुम्ही वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावता. कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, भोकात काडी. झालं. देव्हाऱ्याखालचा तेलाचा डाग, दारांच्या कड्या, टीव्हीचा रिमोट हे चहा पिता पिता होण्यासारखं आहे, त्यासाठी वेगळा दिवस नको.

हे सगळं एका रविवारात होणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. या रविवारी फक्त आईंची झोपायची जागा आणि खोलीतला पंखा. पुढच्या रविवारी डक्ट. तिसऱ्याला फोडणीचा थर, तोही दोघांनी मिळून, कारण बायकोचाही रविवार तोच एक आहे. बाकीचं दिवाळीच्या साफसफाईत जमेल तसं.

आणि आईंचं बोलते. त्या गप्प आहेत म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात, हे पत्रातून कळलं. मला वाटतं त्या तुमच्यावर नाराज नाहीत. मुलाच्या घरात आपल्यामुळे भांडण नको, बाई सुटायला नको, म्हणून त्या बोलत नसाव्यात. त्यांना धूळ काढू देऊ नका, पण घर त्यांच्या नजरेनं बघा. एका संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवा आणि विचारा, "आई, आणखी काय काय ओढून बघू?" त्या गावच्या घरात आयुष्यभर सारवण-सफाई केलेल्या असतील. मी इथून लिहिते त्यापेक्षा तुमच्या घरातली चार ठिकाणं त्या जास्त अचूक सांगतील.

ट्रेला मात्र रविवारचीही वाट बघू नका. आज घरी गेल्यावर आधी फ्रिजचं बटण बंद करा, प्लग काढा, आणि मग ट्रेला हात घाला. ते पाणी कुंडीत ओतू नका, अळ्या तिथल्या ताटलीत जगतील. संडासात ओतून वरून पाणी सोडा.